बशांच्या पाठीवरची नावं

सन २०२२. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. वय मी नेमकं सांगतो, कारण शाळेच्या दाखल्यावर ते दोन वर्षांनी चुकलेलं आहे आणि ती चूक मी आजवर मान्य केलेली नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण वांग्याच्या वाफ्यात आणि चिखलीच्या बाजारात झालं.

माझं गाव देऊळगाव राजा आणि चिखली यांच्या मधलं. तीन एकर जमीन, विहिरीला पाणी बरं, म्हणून भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात पोराच्या घरी मी सांबार मागितला तेव्हा सुनेनं इडली केली होती.

आणि मी चिनी मातीची जुनी भांडी जमवतो. चीनची, जपानची. सोबत हातातले पंखे, घडीचे, चित्रं काढलेले. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर हसून घ्यावं. माझ्या गावानं चाळीस वर्षं हसून घेतलंय.

सुरुवात पस्तिशीत झाली. चिखलीत कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचं घर रिकामं होत होतं. पोरं मुंबईला गेलेली, म्हातारा वारलेला. बाजाराच्या कडेला मोडवाल्याचा हातगाडा उभा होता, त्यात एक तुटकी सायकल, दोन कंदील आणि कागदात गुंडाळलेलं एक निळं तबक. तबकात एक मासा होता. पाण्याबाहेर उडी मारताना कोणीतरी त्याला तिथंच धरून ठेवल्यासारखा. माठ घेताना वाजवून बघतो तशी मी तबकाला टिचकी मारली. देवळातली घंटा वाजून गेल्यावर मागे बारीक आवाज उरतो ना, तेवढाच आवाज आला आणि बराच वेळ राहिला. मी टोपलंभर वांगी मोडवाल्याच्या गाड्यावर ओतली आणि तबक घेऊन घरी आलो.

बायको म्हणाली, "वांग्याचं टोपलं देलं अन् हे आणलं? याच्यात भाकर बी बसत नाही."

तिथून लागलं ते लागलं. त्या व्यापाऱ्याकडच्या जुन्या मुनिमानं मला सांगितलं होतं की इकडचा कापूस एके काळी थेट जपानला जायचा, आणि तिकडचे लोक भेट म्हणून अशी भांडी, असे पंखे द्यायचे. खरं-खोटं त्याला माहीत. पण चिखली, खामगाव, मलकापूर, जिथं जिथं कापसाच्या पेढ्या होत्या तिथं जुन्या घरांत एखादी बशी निघायचीच. भाजी द्यायला जायचो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फळीकडं नजर टाकायचो. कोणी फुकट दिली, कोणी मेथीच्या जुडीवर, कोणी हाकलून दिलं.

पारख मी मनानं शिकलो. टिचकी मारायची. उन्हात धरून मागे बोट ठेवायचं. बोटाची सावली पुढून दिसली तर माल खरा. बुडाची कड कोरी असते, तिथं जीभ लावायची. जीभ चिकटली तर भाजणी कच्ची. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कोणाला विचारलंही नाही. माझ्यात हा एक गुण आहे. बायको त्याला दुसरं नाव देते.

पंख्यांची गंमत निराळी झाली. "जुने पंखे घेतो" असं मी एकदा बाजारात बोलून बसलो, तर पुढच्या आठवड्यात एकजण टेबलफॅन घेऊन दारात. म्हणाला, "काका, पातं वाकडं हाये, पण हवा लागते." त्यानंतर गावात माझं नाव पंखेवाला पडलं. लाइन गेली की पारावरून हाक यायची, "ओ पंखेवाले, या, वारा घाला!" चार पंखे जमले चाळीस वर्षांत. एक रेशमाचा, त्यावर दोन बगळे. एक हाडाच्या काड्यांचा. दोन कागदाचे, त्यातल्या एकाची कड जळलेली आहे, कारण बायकोनं एकदा चूल पेटत नव्हती म्हणून तो हातात घेतला होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनंही आग्रह केला नाही.

तर सन २०२२. पोळा होऊन गेला होता. पोराचा पुण्याहून फोन आला.

"बाबा, एक विचारू का? रागावू नका. तुमच्या मागं त्या बशांचं काय करायचं?"

"माया मागं म्हंजे? मी कुठं चाललो बे?"

"तसं नाही हो. आमच्या दोन खोल्या. आईला त्या उचलवत नाहीत. तुम्हीच एकदा सांगून ठेवा."

फोन मी ठेवून दिला, पण ते बोलणं ठेवून देता आलं नाही. मला तो हातगाडा दिसला. सायकल, कंदील आणि कागदात गुंडाळलेला माझा मासा. दुसऱ्यांदा चढणार गाड्यावर. आणि या वेळी टोपलंभर वांगी ओतणारा कोणी वेडा भेटेलच असं नाही.

चिखलीच्या एका शाळेचे हेडसर माझ्याकडून मेथी नेतात. एकदा घरी आले होते तेव्हा त्यांनी माझी भांडी पाहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडं शब्द टाकला, तो त्यांच्याकडं. ते म्हणाले, "काका, नवीन हॉल झालाय. त्यात काचेचं कपाट आहे, आत दिवा आहे, कुलूप आहे. कायमचं ठेवू तुमच्या वस्तू. फक्त संस्थेचं म्हणणं असं, की कोणी जाणकारानं पाहून लिहून द्यावं की हे खरंच जुनं आहे. औरंगाबादच्या कॉलेजात एक बाई आहेत, त्यांचा हाच विषय. येत्या गुरुवारी येतील."

काचेचं कपाट! मी घरी आलो तो जमिनीवर पाय नव्हते. सगळी भांडी काढली, राखेनं नाही, नुसत्या पाण्यानं धुतली, ओसरीत गोधडीवर मांडली. सतरा नग. तबकं, बशा, तीन फुलदाण्या, एक झाकणाची बरणी.

नेमके मधल्या रविवारी व्याही आले. पोरीचे सासरे. माणूस थट्टेखोर. व्याह्याची थट्टा सोसावी लागते, तो मानच असतो त्यांचा. त्यांनी माशाचं तबक उचललं, पुढून पाहिलं, मग उलटं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "व्याहीबुवा! याच्यावर तं दुसऱ्याचंच नाव हाये की!"

"कुठं?"

"हे काय, बुडाले. निळ्या शाईचं. कोणाच्या लग्नातून उचललं म्हणावं?"

ओसरीत बसलेले सगळे हसले. बायकोही पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. पण मला लागलं.

आता हे समजायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. तांब्या असो, परात असो, गंज असो, भांडं घरात आलं की त्यावर नाव पडतं. लग्नकार्यात साऱ्या गावाची भांडी एकत्र होतात आणि नावावरून परत जातात. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या नावाचं भांडं निघालं तो उचल्या. म्हणून मोडीतून जुनं भांडं आणलं की पहिलं काम एकच. आधीच्या मालकाचं नाव घासून काढायचं आणि आपलं टाकायचं. माझ्या आईनं असं केलं, तिच्या आईनं केलं असेल.

बशांच्या बुडावरची ती अक्षरं मी चाळीस वर्षं पाहत होतो. काही निळी, चौकोनात बसवलेली. काही लाल, मुंगीच्या पायांसारखी. मला वाटायचं, असेल कोण्या चिनी बाईचं नाव. माहेरून आणलं असेल भांडं. तिच्याबद्दल मला कधी वाईटही वाटायचं. पण चारचौघांत, काचेच्या कपाटात, दिव्याखाली, शहरातल्या बाईंनी उलटं करून विचारलं की हे कोणाचं नाव, तर काय सांगायचं?

सोमवारी सकाळी सतरा नग कुटारात, म्हणजे भुशात, घालून दोन कॅरेटांत भरले, वर पंख्यांची पेटी ठेवली, आणि एसटीनं देऊळगाव राजाला गेलो. भांड्यांच्या दुकानात नाव टाकणारा बसतो. त्यानं भांडी पाहिली आणि मशीन बंद केलं.

"काका, चिनी मातीवर म्यां कधी नाव टाकलं नाही."

"मंग आज टाक."

"फुटलं तं?"

"फुटलं तं मायं फुटन. तुले काऊन पंचाईत?"

लाल नावं चटकन गेली. ती वरवर होती; चाक नुसतं लागलं की साफ. निळी मात्र काचेसारख्या थराच्या खाली होती, ती जाता जाईनात. चाक लावलं की पांढरी भुकटी उडायची आणि दातात कळ जायची. एक लहान बशी टिचली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "चालू दे." तेव्हाच थांबायला पाहिजे होतं, हे आता कोणीही सांगेल. तेव्हा त्या दुकानात सांगणारं कोणी नव्हतं.

मग त्यानं पेन्सिलीसारखं बारीक मशीन घेतलं आणि सोळा बुडांवर माझं नाव लिहिलं. माझं, वडलांचं, आडनाव, गाव. अक्षर सुरेख होतं त्याचं. शेवटी मी पंखे उघडले. चित्राच्या कोपऱ्यात त्यांवरही लाल ठसे होते.

"याह्यावर बी टाक."

"कागदावर मशीन चालत नाही, काका. आरपार जाईन."

"बरं, राहू दे मंग."

घरी येऊन मी एकेक भांडं उलटं करून पाहिलं. इतकी वर्षं माझी असून माझी नसलेली भांडी त्या दिवशी माझी झाली असं वाटलं. व्याह्यांना फोन लावून सांगितलंसुद्धा, "आता या पाहाले!"

गुरुवारी जीपनं चिखली. हेडसरांनी हॉलमधलं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. मागे ते कपाट. दिवा लावून दाखवला त्यांनी मला. मी आत डोकं घालून पाहिलं, माशाला मधली फळी ठरवली.

बाई वयानं पन्नाशीच्या, बोलायला मऊ. मला नमस्कार केला, मांडलेली भांडी दुरून पाहिली आणि "बाप रे, काका!" म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग त्यांनी माशाचं तबक दोन्ही हातांनी उचललं आणि पुढून न पाहता आधी उलटं केलं.

उलटंच धरून राहिल्या. मग दुसरं उचललं, उलटं केलं. तिसरं.

"काका, इथं काय होतं?"

"आधीच्या मालकाचं नाव होतं. काढून टाकलं. आता मायं हाये, वाचा."

त्यांनी वाचलं. माझं नाव, वडलांचं, गाव, सगळं वाचलं, हळू आवाजात. मग चष्मा काढला.

"ते मालकाचं नाव नव्हतं, काका. ते करणाऱ्याचं होतं. कोणत्या भट्टीतलं, कोणत्या राजाच्या काळातलं, ते तिथं लिहिलेलं असतं. आम्ही भांडं आधी मागून वाचतो."

हॉलमध्ये पंखा फिरत होता, विजेचा.

मी म्हटलं, "तं मंग पुढून पाहा ना. मासा तं तसाच हाये. त्याले कोणी हात लावला नाही."

"पुढून फार सुंदर आहे. घाट, रंग, पाहून मला वाटतंय की जुनं आहे, जपानचं आहे. पण वाटतंय असं लिहून देता येत नाही."

"काऊन?"

त्या थांबल्या. मी पुन्हा विचारलं. मला अर्धं उत्तर चालत नाही.

"कारण बुडावरची खूण बाजारात फक्त खोटा माल विकणारे घासतात, काका. नवं भांडं जुनं म्हणून खपवायला. तुम्ही तसं केलं नाही, मला दिसतंय. पण उद्या दुसरा कोणी पाहील तो हेच म्हणेल."

म्हणजे उचल्या म्हणू नये म्हणून जे केलं, त्यानंच मी लबाड झालो. आणि ते सोळा वेळा, माझ्याच नावासकट, गावासकट.

मला राग आला. कोणाचा, ते ठरत नव्हतं. व्याह्यांचा आला, त्या नाव टाकणाऱ्याचा आला, मुनिमाचा आला. तो एवढं जपानचं सांगत होता, त्याला हे सांगता आलं नाही? टिचली ती बशी कुठं गेली म्हणून बाईंनी विचारलं नाही, तरी त्या बशीचाही राग आला. चाळीस वर्षं मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत होतो. एकाला, फक्त एकाला विचारायचं होतं.

बाईंनीच मग पंख्यांची पेटी उघडली. बगळ्यांचा पंखा उघडून खिडकीजवळ नेला, कोपऱ्यातला लाल ठसा भिंगाखाली धरला आणि त्यांचा आवाज बदलला.

"ही चित्रकाराची मोहोर आहे. वाचता येतेय. सर, हे बघा! हा जपानचा. आणि हा हाडाच्या काड्यांचा चीनचा, बंदरावर परदेशी गिऱ्हाइकांसाठी करायचे तसला. चारही पंखे मी लिहून देते. आत्ता देते."

हेडसर खूश झाले. "वा! काका, निदान पंखे तरी देऊन जा."

निदान. तरी. हे दोन शब्द मला सहन होत नाहीत.

"बशा नाही तं पंखे नाही," मी म्हटलं.

"काका, असं कसं? बाई लिहून देताहेत—"

"त्याईले लिहू द्या. कागद तुमच्याजवळ ठेवा."

मी भांडी पुन्हा कुटारात घालून कॅरेटांत भरली. हेडसर मदतीला वाकले तर त्यांचा हात बाजूला केला. बाई दारापर्यंत आल्या, काहीतरी म्हणाल्या, मी ऐकलं नाही. कपाटातला दिवा कोणीतरी बंद केला तेवढं ऐकू आलं, खटकन.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. बायको अंगणात भांडी घासत होती. कॅरेट परत आलेले पाहून तिला कळलंच. तरी विचारलं, "काय झालं?"

सांगितलं. सगळं सांगितलं, कारण न सांगता तिनं काढून घेतलंच असतं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. हात धुतले, न्हाणीत गेली आणि घंगाळ घेऊन बाहेर आली. तिच्या लग्नातलं, तांब्याचं. माझ्यापुढं ते पालथं घातलं.

"हे काय हाये?"

काठाला माझं नाव. लग्नातच टाकलेलं, तिच्या बापानं. ते मला माहीत होतं.

"काठाले नाही. बुडाले पाहा."

बुडाला मधोमध एक ठसा होता. दोन अक्षरं आणि एक फूल. झिजलेला, पण होता.

"तांबटाचा हाये," ती म्हणाली. "ज्यानं घडवलं त्याचा. मालकाचं नाव काठाले, घडवणाऱ्याचा ठसा बुडाले. तो कोणी घासत असते काय? तुमच्या मायनं मोडीतल्या भांड्याचं नाव कुठलं घासलं व्हतं, काठाचं का बुडाचं?"

मी काठ पाहिला, मग पुन्हा बूड पाहिलं.

"पन्नास वर्षं याच्यातलं पाणी अंगावर घेऊन राह्यले. मले विचारलं असतं तं..."

"तू तं भाकर बसत नाही म्हणत होतीस!"

"भाकर बसत नाहीच. ते बी खरं हाये."

घंगाळ उचलून ती आत गेली. मी ओसरीत बसून राहिलो. माशाचं तबक काढलं, टिचकी मारली. आवाज तोच, तेवढाच, तितकाच वेळ. मग मागून बोट फिरवलं. बोटाला माझं नाव लागलं. खरखरीत.

जेवताना ती म्हणाली, "पंखे कोणासाठी अडवून राह्यले? त्याईचा काय गुन्हा?"

मी म्हटलं, "गप जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी काढली नाही. पंख्यांची पेटी घेतली, कडुनिंबाचा पाला बदलला आणि पहिल्या एसटीनं चिखलीला गेलो. शाळेची प्रार्थना चालू होती. हेडसर मला पाहून खुर्चीतून उठले, कालचं काही बोलले नाहीत, हे त्यांनी चांगलं केलं. कपाट उघडलं. जळलेल्या कडेचा पंखा त्यांनी मागे ठेवला, तो मी पुढं ओढला. मग त्यांनी कार्ड लिहिलं. वर चित्रकाराचं, बाईंनी सांगितलं ते, खाली 'देणगी' आणि माझं नाव.

मी म्हटलं, "देणगी नाही. सांभाळाले देले, असं लिहा."

त्यांनी दुसरं कार्ड घेतलं. लिहून माझ्या हातात दिलं. मी वाचलं. वडलांच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. तिसरं कार्ड घ्यायला लावलं.